तापत ठेवलेली गाडी

३ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. उद्या पट्टी सोडायला दवाखान्यात न्यायचंय. इथे सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरतो, म्हणून मी इंजीन चांगलं तापवतो आणि मगच गाडी काढतो. तुझं म्हणणं, नव्या गाडीला याची गरज नाही. सुरू करावी आणि हळूहळू न्यावी. लोकांना गाडी शिकवता शिकवता तू थोरल्या भावालाही शिकवायला लागलीस! आई म्हणते, तुम्हा दोघांपेक्षा गाडीच शहाणी, निदान गप्प उभी तरी राहते.

लोभ आहेच, वाढला तरी हरकत नाही.

तुझा दादा

५ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच. काल गाडी चोरीला गेली. आणि गाडीत आई होती.

तिला मागच्या सीटवर बसवलं, अंगावर ब्लँकेट टाकलं, इंजीन आणि हीटर चालू ठेवला आणि डोळ्याचे थेंब आणायला आत गेलो. बाहेर येतो तर फाटकाशी नुसता धूर. मला आधी कळेचना. वेड्यासारखा गाडीच्या जागी जाऊन उभा राहिलो. मग अनवाणीच कोपऱ्यापर्यंत धावलो. पोलिसांना शेजाऱ्यांनी फोन केला.

आई सुखरूप आहे. हे आधी लिहायला हवं होतं, नाही का? दवाखान्याच्या दारात सापडली, गाडीसकट. काय घडलं ते मला धड सांगत नाही.

माया असू दे, आज जरा जास्तच.

दादा

९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र जिन्यातच उघडलं. ‘गाडीत आई होती’ याच्या पुढे वाचायचा धीर होईना. इंजीन तापवायचं की नाही, ते मरो! चालू गाडी सोडून उतरायचं नाही, हे मी नवख्यांकडून पहिल्याच दिवशी घोकून घेते रे. रागवायलाच बसले होते. पण तू अनवाणी धावतोयस, तेच डोळ्यांपुढे येतं. आईला म्हणावं, मला तरी लिही. मी रजा टाकलीय, येतेच.

राग आहे, माया आहे. दोन्ही सांभाळून घे.

तुझी धाकटी

१२ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

दादाला सांगवेना, म्हणून तुला लिहिते. उबेने माझा डोळा लागला होता. गाडी हलली तशी, दादाच आहे समजून मी म्हणाले की वळणावर बेताने घे. गाडी अशी करकचून थांबली की माझं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. बघते तो पिकल्या दाढीचा कुणी परका माणूस. माझ्याहून तोच भेदरलेला. ओरडू नका, काही करणार नाही, असं म्हणत राहिला.

मग त्याने विचारलं, घरी कोण असतं, कुणाला कळवू? आणि पोरी, मला आठवेना. दादाचं नाव नाही, तुझं नाही, घर कुठे तेही नाही. पट्टी बघून त्यानेच डोळ्यांचा दवाखाना ताडला. हाताला धरून दाराशी बाकावर बसवलं, किल्ली माझ्या मुठीत दिली आणि पळाला. पोलिसांना मी तो दिसला तसा सांगितला.

सगळे म्हणतात, म्हातारी धीराची. कसला धीर! दादा धापा टाकत आला, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला, तरी नाव येईना. मी नुसती त्याचा चेहरा चाचपत राहिले. त्याला वाटलं, पट्टीमुळे दिसत नाही.

संध्याकाळी दोन्ही नावं परत आली. तू येशील तेव्हा आधी आतून तुला नावाने हाक मारीन, मगच दार उघडीन. तेवढा वेळ उंबऱ्याशी थांब.

तुझी आई