दारावरचा ग्रोझ्दान

३ ऑक्टोबर
दवाखान्याच्या दारावर ग्रोझ्दान पुन्हा हजर! त्याला जाऊन आज चार वर्षं झाली. दरवर्षी या तारखेला त्याची बायको त्सोना आठवणीचा कागद लावून जाते. गेलेल्या माणसांचे तसे कागद गावभर असतात, खांबांवर, बसथांब्यावर — पण माझ्या दारावर का, ते मला ठाऊक आहे. फोटोत तो तोंड उघडून हसतोय. त्याखालचं मी कधी वाचत नाही. मान खाली घालून आत शिरलो.

५ ऑक्टोबर
आज त्सोनाच आली! टाळूवर लालभडक गाठ, वाटाण्याएवढी. जरा हात लागला की रक्त. अशा निरुपद्रवी गाठी बहुतेक हिरडीवर येतात, टाळूवर क्वचितच. ग्रोझ्दानला जिभेखाली आली होती.

“बिया फोडतेस अजून?”

“फोडते की! संध्याकाळी बाकावर बसून दुसरं काय करू? तू येणारेस नाचायला?”

सूर्यफुलाच्या बिया. सगळ्या गावाच्या तोंडात त्याच. ग्रोझ्दानलाही मी हसत म्हणालो होतो — “टरफल टोचलंय गड्या, बाकी काही नाही.” गाठ कापली आणि कचऱ्यात टाकली. तपासायला पाठवलीच नाही! आठ महिन्यांनी तिथेच कॅन्सर निघाला.

आजचा तुकडा बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवला. त्सोना बाटलीकडे बघत म्हणाली, “त्याचाही पाठवला होतास ना?”

“हो,” म्हणालो.

६ ऑक्टोबर
हो म्हणालो!

११ ऑक्टोबर
निकाल नाही. हल्ली मागच्या दाराने येतो-जातो. ग्रोझ्दानचं तोंड बघवत नाही. तिलाही तेच निघालं तर?

१७ ऑक्टोबर
साधी गाठ! आत टरफलाची बारीकशी कपची सापडली. खुर्चीत बसून चक्क रडलो.

त्सोना चीज भरून भाजलेली गरम बानित्सा घेऊन आली. “घे, खा. वाळून काटकी झालायस. ग्रोझ्दान म्हणायचाच, वेलिनने बघितलं ना, मग काळजी नाही.”

आज खरं सांगायचं ठरवलं होतं. निकालाचा कागद तिच्या हातात दिला, तेवढंच. बानित्सा तशीच पडून आहे.

१८ ऑक्टोबर
वाऱ्यापावसाने कागद सुटून मागच्या पायरीपर्यंत आला होता. उचलावाच लागला. पहिल्यांदाच खालचं वाचलं.

‘शोकाकुल — पत्नी त्सोना, मुलगी नेदा आणि जिवलग मित्र डॉ. वेलिन.’

म्हणजे ती मला दोष देत नव्हती. तिला काहीच माहीत नाही.

कागद वाळवून पुन्हा लावला. आता ते ‘हो’ मागे घ्यायला तिच्याकडे निघालोय.