परकराची नाडी

रविवार, संध्याकाळ

अजून राग उतरत नाहीये. नाडी सोडलीच का त्याने?

सासूबाईंना खाली बसून भाजी निवडता येत नाही, म्हणून भोईवाड्यात कुणीतरी टाकून दिलेल्या कपाटाच्या फळ्यांचं स्टूल केलं मी. तीन पाय गेल्या आठवड्यात चिकटवले, चौथा आज दुपारी. गम सुकेपर्यंत हलू नये म्हणून तो जुन्या परकराच्या नाडीने करकचून बांधून ठेवला. संजयला दोनदा सांगितलं, "उद्या संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस."

तासाभरात माझगावहून त्याचे मोठे भाऊ आले. मी आत चहा टाकत होते. बायकोच्या परकराची नाडी भावाला दिसेल, याची म्हणे याला लाज वाटली! सोडली, खिशात कोंबली आणि त्याच स्टुलावर भावाला बसवलं. दादा धाडकन खाली.

वर मलाच ऐकवतो, "गमने कुठे फर्निचर होतं का गं? खिळे मारायचे ना!" दादा बिचारे कंबर चोळत म्हणाले, "जाऊ दे, नवीन घ्या." मी चहा दिला आणि निखळलेला पाय उचलून आत ठेवला. बाकीचे तीन पाय जागचे हललेसुद्धा नाहीत, ते मात्र कुणाला दिसलं नाही.

आत्ताच चौथा पाय पुन्हा चिकटवला. नाडी नाही बांधली या वेळी. संजयच्या ऑफिसच्या पँटचा पट्टा काढला आणि शेवटच्या भोकापर्यंत आवळला. शोधू दे सकाळी. उद्या संध्याकाळपर्यंत तो सुटायचा नाही.