मसाल्याची बाजू

बारामती,
३० नोव्हेंबर १९५५

चि. भीमाभावजींस,

कौसल्यावहिनीचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे आणि आमचा सिनेमाचा तंबू, तिघेही खुशाल. तुमचे पत्र काल पोचले. ते वाचून पहिले सांगणे हे, की हातातला खिळा खाली ठेवा आणि फिल्मला भोके पाडू नका.

तुमच्या तरुण मंडळाकडे आलेली ती फिल्म खराब नाही. सोळा मिलिमीटरची बोलकी फिल्म अशीच असते, भोके एकाच अंगाला. दुसऱ्या काठाने जी बारीक नक्षीची पट्टी दिसते तीच बोलणे आणि तेच गाणे. तिथे भोके पाडलीत तर गाणाऱ्या बाईचा गळा कापल्यासारखे होईल. दोन्ही काठांना भोके असली की फिल्म मुकी समजावी.

शेतीच्या फिल्ममध्ये बैल घोड्यासारखे उधळले आणि सगळे लासुर्णे गाव हसले, असे लिहिता. त्यात बैलांचा काही दोष नाही. ती फिल्म मुकी. मुकी फिल्म सेकंदाला सोळा चित्रांनी चालवायची आणि बोलकी चोवीसांनी. तुम्ही मुकीला बोलकीच्या वेगाने पळवलीत. मशीनच्या अंगावर त्यासाठी एक खटका असतो, तो शोधा. आणि पडद्यावर अक्षरे उलटी दिसली, ती फिल्म पालटून चढवल्यामुळे. कारखान्यात दिवसभर लोखंडाशी झुंजता, मग एवढ्याशा पट्टीला का घाबरता?

तुम्ही हे सगळे थोरल्या भावाला विचारले होते. त्यांनी पत्र वाचले आणि मुकाट्याने माझ्यापुढे सरकवले. मशीन चालवायचे काम त्यांचे, फाटलेले सांधायचे माझे, आणि लिहायचेही माझेच, कारण चौथीपर्यंत शिकल्याची शिक्षा मीच भोगते आहे. तेव्हा सांध्याचे नीट ऐका. एका टोकावरचा मसाला, म्हणजे ज्यात चित्र असते तो लेप, ब्लेडने खरवडून काढायचा. त्यावर सिमेंट लावायचे. गवंड्याचे नव्हे, बाटलीतले, पिकल्या केळ्यांचा वास येतो ते. दुसरे टोक वर दाबून मनात वीसपर्यंत मोजायचे. मसाला कोणत्या बाजूला ते कसे ओळखावे, हा तुमचा शेवटचा प्रश्न. उजेडात धरा. चकाकते ती पाठ, मंद दिसते ती मसाल्याची बाजू. बाकी सवयीने कळते.

आता सासूबाईंसाठी. हे पत्र तुम्ही त्यांना वाचून दाखवाल हे मला ठाऊक आहे. मधे थांबलात तर त्या लगेच ओळखतात, म्हणून काही गाळू नका.

सासूबाई, साष्टांग नमस्कार. विठोबाच्या अंगरख्यासाठी मागितलेली जर आणि भगवा दोरा गाडीवाल्याबरोबर पाठवला आहे. दोरा दुकानातून थेट कागदात बांधून घेतला, मी हात लावलेला नाही. देवाचा अंगरखा आंघोळ करून सोवळ्यात शिवता, सुईत दोरासुद्धा दुसऱ्या कुणाला ओवू देत नाही, हे मी विसरलेले नाही. तुमच्या मुलाने तंबू घेतला त्याला सहा वर्षे झाली. हा धंदा तमाशाच्या वाटेचा म्हणून तुम्ही आमच्या दारात आला नाहीत, आणि मी लासुर्ण्याला आले तरी माझ्या हातचे पाणी घेत नाही. लोणचे मात्र दरवर्षी न चुकता पाठवता. लोणचे गोड लागते आणि पाण्याचे मनाला लागते. येत्या महिन्यात आम्ही इंदापूरला मुक्काम हलवतो आहोत आणि विठोबाचा बोलपट आणतो आहोत. एकादशीला पहिल्या खेळाला तुम्ही यावे, एवढी माझी इच्छा आहे. देवाला बघायला या. आम्हाला बघितले नाही तरी चालेल.

कौसल्या

इंदापूर,
१२ डिसेंबर १९५५

चि. भीमाभावजींस,

आशीर्वाद. तुमचा सांधा एका खेळात तीनदा सुटला आणि मंडळींनी शिट्ट्या मारल्या हे वाचून मला आधी हसू आले आणि मग वाईट वाटले. सिमेंटला शिव्या देऊ नका. तुम्ही पाठ खरवडलीत आणि मसाला तसाच ठेवलात. मसाल्यावर सिमेंट कधीच धरत नाही, कितीही दाबले तरी.

जुन्या फिल्मला तेल आणि हात लागून दोन्ही बाजू सारख्याच चकाकतात, हे तुमचे म्हणणे खरे आहे. बॅटरीच्या उजेडात तर काहीच समजत नाही. अशा वेळी चित्राच्या बाहेर, अगदी काठाला, नखाने ओरखडून बघावे. काळे निघाले तर तो मसाला. पण बेताने. तुमची नखे मला माहीत आहेत. याहून सोपी एक रीत आहे, ती भेटीत सांगेन. पत्रात लिहिण्यासारखी नाही.

सासूबाई येणार हे वाचून मी पत्र दोनदा वाचले. तुमच्या भावाला वाचून दाखवले तेव्हा ते उठून बाहेर गेले आणि तंबूच्या घट्ट असलेल्याच दोऱ्या पुन्हा घट्ट करत बसले. त्यांचा आनंद असाच असतो. सासूबाई आपला तांब्या, आपले पाणी आणि फराळाचे घेऊन येतील, तेही ठीक आहे. एकादशी आहे. येतात हेच पुष्कळ.

त्यांचा प्रश्न तुम्ही त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवलात ते बरे केलेत. "देवाच्या पिक्चरला शिवायच्या आदी ती आंघूळ करती का इचार. कुणाचं उष्टं-खरकटं तर न्हाय ना लागत त्येला?"

सासूबाई, आंघोळ केल्याशिवाय मी त्या डब्याला शिवत नाही. डबा धुतलेल्या पातळाच्या धडप्यात बांधून ठेवला आहे. उघडायच्या आधी पाया पडते. विडी आणि कंदील यांना त्याच्या जवळपास येऊ देत नाही, कारण पस्तीस मिलिमीटरची जुनी फिल्म दारूगोळ्यासारखी पेटते. हे सगळे खरे आहे.

वरती खाडाखोड दिसेल, ती शाई सांडल्यामुळे. थंडी बरीच आहे. येताना सासूबाईंना घोंगडी द्या.

कौसल्या

इंदापूर,
२७ डिसेंबर १९५५

चि. भीमाभावजींस,

आशीर्वाद. एकादशी झाली, बारस झाली, आणि आई अजून का परतली नाही म्हणून तुम्ही ऊसगाडीवाल्यापाशी निरोप धाडलात. तिथे काही भांडण झाले का, असेही विचारलेत. सगळे सांगते. पण आधी हे सांगते, की मागच्या पत्रात शाई सांडली नव्हती. मी दोन ओळी लिहिल्या होत्या आणि भिऊन खोडल्या होत्या.

अंधूक उजेडात मसाल्याची बाजू ओळखायची सोपी रीत म्हणजे फिल्मचे टोक ओठाला लावणे. मसाल्याची बाजू ओल्या ओठाला चिकटते, पाठ चिकटत नाही. सगळे ऑपरेटर हेच करतात आणि मीही सहा वर्षे हेच करत आले. विठोबा विटेवर उभा दिसतो तिथे प्रत्येक गावात बायका ओवाळायला उठतात आणि ते चित्र पुन्हा लावायला लावतात. त्यामुळे फिल्म तिथेच जास्त झिजते. तेवढ्या जागेत माझ्या हातचे अकरा सांधे आहेत. म्हणजे सासूबाई ज्याच्या पाया पडायला येणार तो देव मी अकरा वेळा उष्टा केलेला होता, आणि त्यांनी विचारल्यावर मी आंघोळीचे सांगून वेळ मारून नेली. तुमचे भाऊ म्हणाले, "शबरीची बोरं सांग की तिला." मी म्हटले, शबरीला सासू नव्हती.

एकादशीला सासूबाई आल्या. चपला तंबूबाहेर काढल्या. बायकांच्या बाजूला गर्दी होती म्हणून तुमच्या भावांनी त्यांना मशीनजवळ माझ्या शेजारीच घोंगडी अंथरून दिली. हातात टाळ नव्हते, पण बोटे आपोआप मांडीवर ताल धरत होती. मी पडद्याकडे पाहिलेच नाही, त्यांच्या तोंडाकडेच पाहत होते.

आणि नेमका विठोबा दिसायला आणि फिल्म तुटायला एकच गाठ पडली. पुढे बायका ताटात निरांजने लावून उभ्या. तुटलेले टोक नुसते गुंडाळून खेळ पुढे चालवता आला असता, पण मग देव आला तसा निघून गेला असता. म्हणून मागे घेऊन सांधायची ठरली. तुमच्या भावांनी बॅटरी धरली. त्या उजेडात दोन्ही बाजू लखलखत होत्या. मी नखाने काठ ओरखडला, काही समजेना. शेजारी सासूबाई बसलेल्या, म्हणून ओठाला लावायचे धाडस होईना. अंदाजाने खरवडले, सिमेंट लावले, दाबले. मशीन सुरू झाले आणि देवाचे पाय दिसता दिसता सांधा सुटला. तुमच्यासारखाच, भावजी. सहा वर्षांत पहिल्यांदा माझा सांधा सुटला.

लोक ओरडायला लागले. निरांजनांचे तूप संपत आले होते. "काय झालंय गं?" असे सासूबाईंनी विचारले. मी म्हटले, "काही नाही." मग माझे मलाच बरे वाटेना. देव अडला होता आणि मी माझी अब्रू सांभाळत बसले होते. मी ओठ ओले केले, टोक लावले, चिकटलेली बाजू वर घेतली आणि खरवडायला लागले. त्यांनी पाहिले. बॅटरीचा उजेड माझ्या तोंडावरच होता. सांधा पक्का बसला, विठोबा आला, बायकांनी ओवाळले, दोनदा लावायला लावले. सासूबाईंनी हात जोडले होते. खेळ संपला. त्या आपल्या तांब्यातले पाणी प्यायल्या आणि कनातीकडे तोंड करून झोपल्या.

सकाळी बारस. परतीच्या गाडीला बसवून देऊ का, हे सासूबाईंना विचारायचे मी मनाशी घोकत होते. आंघोळ करून सासूबाई उन्हात बसल्या होत्या. देवाचा अंगरखा त्यांनी बरोबर आणला होता, गळ्याची जर लावायची राहिली होती. मी लांबच उभी राहिले. चष्मा नाकावर, सुई उजेडाकडे धरलेली, आणि दोरा काही केल्या जाईना. त्यांनी दोऱ्याचे टोक ओठात धरले, ओले केले, दातांनी पिळले आणि सुईत घातले.

मग त्यांचा हात थांबला. त्यांनी दोऱ्याकडे पाहिले. नंतर माझ्याकडे पाहिले. मी नजर खाली घातली, कारण मला हसू येत होते आणि हसले तर सगळेच संपेल असे वाटत होते.

"हिकडं ये," त्या म्हणाल्या.

मी गेले.

"रातच्याला तू वठाला लावलंस."

"होय."

"दर येळंला लावतीस?"

"होय. तसं केल्याबिगर समजत नाही, सासूबाई."

त्यांनी सुई अंगरख्यात खोचून ठेवली. अंगरखा मांडीवर पसरला आणि टाक्यांवरून हात फिरवला. "चाळीस वर्सं शिवतीया मी ह्यो," त्या म्हणाल्या. "आन् आजपातुर मला कुणी इचारलं न्हाय, आन् माझं मलाबी कळलं न्हाय. त्यो इटंवर हुबा हाय, गप ऱ्हातोय." मग त्या हसायला लागल्या. सहा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिले नव्हते. पुढचा एक दात पडला आहे, तुम्ही मला कळवले नाहीत.

हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. "माझ्या तांब्यातलं पाणी सपलंय. तुझं आन. आन् भाकरी टाक, बारस सोडायची हाय मला."

भावजी, मी पाणी आणले. त्या प्यायल्या, पुरा तांब्या, आणि रिकामा तांब्या माझ्या हातात परत दिला. तुमचे भाऊ तंबूच्या दोऱ्या घट्ट करत होते.

तेव्हा भांडण काही नाही. त्या इथे महिनाभर राहणार आहेत. फिल्म तपासताना माझ्या शेजारी बसतात आणि बोटांनी काठ चाचपून फाटलेले भोक माझ्याआधी सांगतात. चाळीस वर्षे शिवण केलेले हात आहेत ते. अंगरखा पुरा झाला आहे, गाडीवाल्याबरोबर पाठवते. देवळात तुम्ही स्वतः पोचवा.

तुमच्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मिळालेच. ओठ किंचित ओले करा, टोक हलके टेकवा, चिकटेल ती मसाल्याची बाजू. हे लिहिताना मी मोठ्याने वाचते आहे आणि सासूबाई ऐकत आहेत. म्हणतात, "आदी चूळ भर म्हणावं त्येला. चोरून इडी वढतोय, मला काय म्हाईत न्हाय व्हय?" मी तुमची बाजू घेतली नाही.

यापुढे पत्रात काही गाळायचे कारण उरले नाही. खाली सही माझी आहे. शेजारी निळा अंगठा आहे तो सासूबाईंचा, प्रयागबाईंचा. मी नको म्हणत होते. पण त्यांनी दौत ओढून घेतली आणि म्हणाल्या, "उमटू दे. पत्र दोघींचं हाय."

कौसल्या