दादांची सीट

२ नोव्हेंबर, रविवार
शी! चाळीस किलोमीटरमध्ये मांड्या सोलून निघाल्या. येताना पेडगावच्या अलीकडं तर उभ्यानंच पायडल मारले. घाम, खोबरेल, ती आतून स्पंज लावलेली चड्डी — स्वतःचाच वास सहन होईना. नीलम ती चिमटीत धरून म्हणाली, "ही मी न्हाई धुणार." बायकोच ती, खरं बोलणार.

५ नोव्हेंबर
सायकलला तिसरी सीट लावली. आत जेल भरलेली. फोटोत लोण्यासारखी दिसत होती. पाचव्या किलोमीटरला बूड बधिर! ऑफिसात खुर्चीवर तिरका बसतो. "मूळव्याध का हो?" — भर टेबलावर विचारलं एकानं. किळस आलीय या सगळ्याची.

पण तीस तारखेला परभणी-नांदेड-परभणी करायचंच. गेल्या वर्षी वसमतलाच हाय खाल्ली आणि टेम्पोत कोंबड्यांच्या खुराड्यांशेजारी बसून परत आलो. यंदा सायकलवरून उतरणार नाही म्हणजे नाही.

११ नोव्हेंबर
सायकल दुरुस्तीवाला रायभान मिस्त्री म्हणे, "गादीचा नाद सोडा. चामड्याची घ्या. चार-सहा महिने चालवली की अंगासारखी होती." सहा महिने कुठून आणू?

आणि एकदम दादांची सीट आठवली! वडिलांची सायकल कधीच भंगारात गेली, पण सीट त्यांनी फडक्यात बांधून ठेवलीय. दादांनी, म्हणजे सीताराम गुरुजींनी, अकरा वर्षं सायकलवर शाळा केली, असं अख्खा गाव सांगतो. अकरा वर्षं मुरलेलं चामडं!

१६ नोव्हेंबर, रविवार
कसलं मुरलेलं? फळी नुसती! दहा किलोमीटरला रक्त. रायभाननं अंगठा दाबून पाहिला. "कोण म्हणलं वापरलेली हाय? कोरी हाय ही."

लोक काय वाट्टेल ते सांगतात. दादांचाही राग आला.

१७ नोव्हेंबर
दादांना विचारलंच. सीट फडक्यानं पुसत होते.

"बसलो कवा मी तिच्यावर? आपलं घर गावाच्या ह्या टोकाला, शाळा त्या टोकाला. मधल्या आळीतून आपल्या माणसानं बसून जायची सोय न्हवती. हातात धरून न्यायचो."

"अकरा वर्षं?"

"मग."

"मग घेतली कशाला?"

"पहिला पगार झाला. घ्यावी वाटली."

जेवण गेलं नाही. आणि मी पंधरा दिवस बुडाच्या फोडांचं रडगाणं लिहीत बसलोय!

३० नोव्हेंबर, रविवार
नांदेडला गेलो नाही. सायकल ऑटोत टाकून दादांना गावी नेलं. त्यांचीच सीट लावून उंची कमी केली, त्यांना वर बसवलं. एका बाजूनं मी धरलं, एका बाजूनं नीलमनं. मधली आळी लागली. ओट्यावर दोघं-तिघं बसलेले. त्यांना पाहताच दादा आपोआप उतरायला लागले.

"बसा, दादा," मी म्हणालो.