मीटर शून्यावर

३ ऑक्टोबर
माफ कर गं वही, दहा दिवस तुला हात लावला नाही. चष्मा सापडत नव्हता. फ्रिजवर होता!

घरात नवं खूळ निघालंय. नातीला कॉलेजात काम दिलंय: घरपोच मागवलेल्या किराण्याचा धूर जास्त की दुकानातून आणलेल्याचा? ती धुराला कार्बन म्हणते. कार्बन म्हणजे पावतीपुस्तकातला काळा कागद, एवढंच मला ठाऊक. चौथी पास माणूस मी!

मुलगा म्हणाला, "दोन आठवडे मोजा. निम्मं सामान फोनवरून मागवू, निम्मं बाबा स्कूटरवरून आणतील. बाबांचा धूर जास्त निघाला, तर स्कूटर विकायची."

माझे गुडघे चौकापर्यंतही नेत नाहीत. स्कूटर गेली तर वाण्याकडे जाणार कसा? तो माझ्यासाठी स्टूल काढून ठेवतो. दिवसभरात धड बोलणं होतं ते तिथंच.

४ ऑक्टोबर
नातीनं स्कूटरच्या मीटरचा आकडा लिहून घेतला. दुपारी घर झोपल्यावर पुढच्या चाकाजवळची मीटरची तार सोडवली. आता कितीही फिरलो तरी आकडा हलणार नाही!

७ ऑक्टोबर
सूनबाईनं सकाळी फोनवरून तांदूळ मागवले. गाडी आली. दुपारी आठवलं, मीठ राहिलं. गाडी आली. संध्याकाळी साबण — पुन्हा गाडी! मी दारात उभं राहून मोठ्यानं मोजलं, "तीन!"

"बाबा, तुम्ही काल दोनदा गेलात," आतून सूनबाईचा आवाज आला. "एकदा साखरेला, एकदा काड्यापेटीला."

हिचं लक्ष कुठे कुठे असतं!

१२ ऑक्टोबर
झोप नाही. मीटर अगदीच ढिम्म! थोडं तरी हलायला हवं होतं. तार परत जोडायला बसलो, तर तिचा नट सापडेना. फ्रिजवरही पाहिलं.

१८ ऑक्टोबर
निकाल! मुलानं मीटर पाहिला. "बाबा, दोन आठवड्यांत एक किलोमीटरसुद्धा नाही? म्हणजे स्कूटर लागतच नाही की तुम्हाला! विकून टाकू."

खरं सांगावं तर लबाड ठरतो, गप्प बसावं तर स्कूटर जाते. मान डोलावली.

तो आत गेल्यावर नात कानाशी आली. "आजोबा, धूर पेट्रोलचा निघतो, मीटरचा नाही. मी रोज टाकीत काडी बुडवून बघत होते." आणि माझ्या तळहातावर नट ठेवला. कार्टी!

"मग हरलं कोण?" मी विचारलं.

"तुम्ही आणि आई, दोघंही. एकेका वस्तूसाठी एकेक फेरी! एका फेरीत दहा घरांचं सामान पोचलं असतं, तर सगळ्यांत कमी धूर."

"बापाला सांगणार?"

"बघू. तुमच्या वागण्यावर आहे."

१९ ऑक्टोबर
मुलानं स्कूटरचा फोटो काढला, विकायला. मी वाण्याकडे जाऊन सगळं ओकलो. तार, नट, काडी, ती दहा घरं. वाटलं, हसेल. हसला नाही. रिकामं स्टूल दोनदा पुसत राहिला.

२१ ऑक्टोबर
स्कूटर गेली. घेणारा कोण होता ते मुलानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. जेवलो नाही.

२३ ऑक्टोबर
स्कूटर वाण्यानं घेतली! पायाशी मोठी टोपली, सकाळी एकच फेरी, दहा घरं. शेवटचं घर आमचं — तिथून मी मागे बसतो आणि थेट स्टुलावर! दुपारी तो जेवायला घरी जातो, तेव्हा मला दारात सोडतो. उद्याच्या याद्या लिहून घ्यायचं काम माझं. मीटरची तारही जोडली. नऊ याद्या आल्या, दहावी आमचीच राहिलीय. आत्ताच दुकानातून घरी फोन लावला: सूनबाई, लवकर कळव गं! आणि मीठ विसरू नकोस.