रिकाम्या पत्त्यांची साफसफाई

सोमवार, ४
आज रुजू झाले. तिसरा मजला, खिडकीजवळचं टेबल आणि चक्क न कुरकुरणारी खुर्ची. ताईने डबा दुप्पट भरून दिला होता. नव्या ठिकाणी मला उपाशी ठेवतील असं तिला वाटतं.

काम आवडीचं आहे. कंपनीचे सर्व्हर क्लाउडवर भाड्याने घेतलेले, आणि प्रत्येकाला न बदलणारा आयपी पत्ता लागतो. एका फाइलमध्ये नावासकट ओळ लिहायची, कोड चालवायचा, पत्ता मिळतो. ओळ पुसली की पत्ता परत जातो. मग तो कुणाचाच नाही. समोर बसणारा डोक्यावरची टोपी कधी काढत नाही, म्हणून सगळे त्याला टोपीच म्हणतात. एकाने बदल लिहायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी आमची जोडी.

मंगळवार, ५
फाइल म्हणजे नुसता उकिरडा. शेवटचे नऊ पत्ते कुठल्याच सर्व्हरला जोडलेले नाहीत, आणि त्यांना नावं काय, तर मावशी, मिशीवाला, टोपी. टोपी म्हणाला, त्या ओळींना हात लावू नका, त्या रिकाम्या दिसतात एवढंच. का, ते सांगेना. नव्या माणसाची फिरकी घेतोय, दुसरं काय. पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही.

बुधवार, ६
प्रोग्राम लिहिला. रोज कामाच्या दिवशी दुपारी चारला, न जोडलेल्या पत्त्यांपैकी शेवटचा एक सोडून द्यायचा. टोपीने मंजुरी द्यायला नकार दिला, चेहरा पांढराफटक. मग आमच्या वरिष्ठ मॅडमना दाखवला. त्यांनी शाबासकी देऊन मंजूर केला.

टोपीचा भरवसा नाही, तो परस्पर बंद करेल. म्हणून अट घातली: यापुढे प्रोग्राम थांबवायला किंवा त्या ओळींत काहीही बदलायला आम्हा दोघांचीही मंजुरी हवी. इतर कुणाचीही चालणार नाही.

गुरुवार, ७
चारला ‘टोपी’ नावाची ओळ गेली. तो चहाला म्हणून उठला होता, परत आला नाही. रुसला असेल.

शुक्रवार, ८
समोरच्या टेबलावर बोटभर धूळ. मॅडम म्हणाल्या, तिथे कधीच कुणी बसत नव्हतं, ती जागा अजून भरायचीय. सगळे मिळून मला बनवतायत. मी हसले, पण हसू काही खरं नव्हतं.

चारला मुद्दाम खिडकीत उभी राहिले. फाटकाशी मिशीवाला पहारेकरी बसला होता. स्क्रीनकडे पाहिलं, ‘मिशीवाला’ गेला. पुन्हा खाली पाहिलं. खुर्ची होती.

सव्वाचार
फाइलच्या तळाशी नवी ओळ. ‘भिंगरी’. सर्व्हर जोडलेला नाही. लिहिणाऱ्याचा रकाना कोरा.

मला भिंगरी म्हणणारी फक्त ताई. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. ताईला विचारलं, कुणाचा फोन आला होता का. नाही म्हणाली. खोटं बोलतेय का तीही? शी. मला कुणाकुणाचा संशय येतोय.

सोमवार, ११
सकाळपासून प्रोग्राम थांबवायचा प्रयत्न. ‘भिंगरी’चा पत्ता एखाद्या सर्व्हरला जोडून वाचवायचाही. प्रत्येक वेळी एकच उत्तर: टोपीच्या मंजुरीची वाट पाहत आहे. मॅडमनी करून पाहिलं, त्यांचंही चालेना. अट तुम्हीच घातलीत ना, म्हणाल्या. आणि टोपी कोण, असंही विचारलं.

माझीच अक्कल माझ्या मुळावर आली.

तीन वाजले. इथे बसून काही होणार नाही. घरी ताईकडे जाते.

चारला पाच कमी
ताई समोर भाजी निवडतेय. सांगितलं, माझ्याकडे बघत राहा, भिंगरी म्हणत राहा. वेड लागलंय तुला, म्हणाली. पण म्हणतेय. हात धरलाय तिचा डाव्या हाताने. ऊन आहे हात.

भिंगरी. भिंगरी. भिं—

थांबली. हात काढून घेतला. उभी राहिली. दाराकडे बघतेय, मग माझ्याकडे—

तुम्ही आत कशा आलात, विचारतेय. तुम्ही म्हणाली. मला. ताई, मी तुझी भि—