घरात आई नसलेल्या गोष्टी

सांगली,
१९ एप्रिल

सौ. अंकिता वहिनींस,
उत्कर्षाचा नमस्कार.

'सौ.' लिहिताना हात थांबला. दादा गेल्यापासून तुमच्या नावामागं ते लिहायची सवय मोडली होती. आता लग्न झालं, तेव्हा लिहायला हवं. 'वहिनी' मात्र तसंच ठेवते. दुसरं काय म्हणायचं ते सुचलं नाही.

कवठे महांकाळला ऊन फार असेल. इथंही आहे. हॉस्टेलचं जेवण बरं आहे. पत्र तुमच्या भावाच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे नव्या घरी दुसऱ्या कुणी फोडायला नको. तुमचा नंबर आहे माझ्याकडं, पण हे फोनवर बोलता येणार नाही.

लग्नाआधी तुम्ही माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचं विचारत होता. विषय मिळाला. इंग्रजीतल्या जुन्या मुलांच्या अद्भुतकथा आणि त्यांचा काळ. बोलणारी जनावरं, जादूच्या अंगठ्या, भिंतीपलीकडची राज्यं. वाचता वाचता एक लक्षात आलं, की या गोष्टींत आई घरात नसतेच. कुठं वारलेली, कुठं आजारी, कुठं समुद्रापार. दोन ओळींत तिला बाजूला करतात आणि मग पोरं निघतात. आमच्या मॅडम म्हणाल्या, "आई घरात असली तर पोरांना उंबऱ्याबाहेर सोडेल का? मग गोष्ट कशी व्हायची?" वर्ग हसला. मी ते वाक्य टिपून घेतलं.

काळही तसाच होता. साहेबलोक इकडं नोकरीला असायचे आणि सहा-सात वर्षांची पोरं बोटीनं विलायतेला शाळेत धाडायचे. वर्षानुवर्षं भेट नाही. पुढं युद्धात शहरातली पोरं आगगाडीत बसवून अनोळखी माणसांकडं पाठवली. लिहिणाऱ्यांतल्या काहींची आई लहानपणीच गेलेली. पूर्वी असं वाचलं की मला रडू यायचं. हल्ली काही होत नाही. जेवते, झोपते, लायब्ररीत जाते.

तुमची शिवांजली बरी आहे. उंच झालीय. पहिलीची परीक्षा झाली.

तुम्ही लोणंदच्या घरी केलेले फोन आबांनी कुणाला उचलू दिले नाहीत, हे तुम्ही ओळखलंच असेल. लग्न ठरताना पोर आमच्याकडं राहील असं मोठ्यांनी ठरवलं, आणि आबांचं म्हणणं, "एकदा तुटलं की पोरीला सवय हुईल." तुमचे फोटोही कपाटात गेले.

आता लिहायचं ते लिहिते. जूनपासून तिला पाचगणीच्या एका शाळेत ठेवायचं आबांच्या मनात होतं. "आमी म्हातारी माणसं, तिला कोण शिकवणार?" तुम्हाला कळवायचं नाही, असंही ठरलं. मला इंग्रजी येतं म्हणून शाळा बघायला मला पाठवलं. शिवांजलीला घेऊन गेले. शाळा जुनी, इंग्रजांच्या वेळची. ऑफिसातल्या बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, "घरी कोण कोण असतं गं?"

मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "आजी, आबा, आत्या. पप्पा आणि मम्मी गेले."

बाई हळहळल्या. "दोघंही?"

मी म्हणाले, "वडील नाहीत. आई आहे."

शिवांजलीनं माझ्याकडं बघितलं. परतताना एसटीत खिडकीशी बसली. वाई आल्यावर हळूच म्हणाली, "आत्या, मम्मी हाय?"

"आहे की."

"आजी तर म्हणली, मम्मी गेली."

वहिनी, दादाच्या वेळीही घरात सगळे हेच म्हणाले होते, पप्पा गेले. माझ्या आईला तुम्ही नव्या सासरी गेलात एवढंच सांगायचं होतं. पोरीनं दोन्ही जाणं एकच धरलं. आणि कुणाला काही विचारलं नाही. तशीच शाळेत गेली, परीक्षा दिली. घरी गेले की मी तिला माझ्या पुस्तकातल्या गोष्टी मराठीत सांगते. एका गोष्टीतल्या मुलीची आई वारलेली होती, तेव्हा तिनं विचारलं होतं, "मग तिची वेणी कोण घालतं?" मला वाटलं, गोष्टीचंच विचारतेय.

मी तिला सांगितलं, मम्मी कवठे महांकाळला दुसऱ्या घरी आहे, चांगली आहे. ती म्हणाली, "मग मला का न्हाई न्हेलं?"

लोणंदला घरी आल्यावर सगळं सांगितलं. आई ओट्यापाशी खालीच बसली. "आगं, मी तसं न्हाई म्हणलं," एवढंच पुन्हा पुन्हा. आबा उठून गोठ्याकडं गेले. सकाळी मला स्टेशनवर सोडायला आले. गाडी दिसल्यावर म्हणाले, "पाचगणीचं ऱ्हाऊ दे सध्या. तिला लिही. पोरीला भेटाय ये म्हणावं. मी आडवा येणार न्हाई."

म्हणून हे पत्र. न्यायला या, असं मी म्हणत नाही. तुमच्या नव्या घरी काय चालतं, काय नाही, मला माहीत नाही. भेटायला तरी या. लिहितानाही मला रडू येत नाहीये, त्यामुळं पत्र कोरडं वाटलं तर राग मानू नका.

शिवांजलीला मात्र मी आबा बोलायच्या आधीच, घरातून निघताना सांगून टाकलं होतं की मम्मी येणार. "कवा?" म्हणाली. विचारून सांगते म्हटलं, तर तिनं मान हलवली आणि केस विंचरून घ्यायला माझ्यापुढं पाठ करून बसली.

शिवांजलीची आत्या,
उत्कर्षा